ट्रॅक्टर घ्यायचा ठरला, पण ठरवला कोणी?

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



गळीत हंगाम आटोपत आला आणि उसाची बिले खात्यावर जमा होऊ लागली की पाडव्याच्या तोंडावर आपल्याकडे नवे ट्रॅक्टर दिसू लागतात. बॉनेटला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, मडगार्डवर बसलेली घरातली पोरे. गावात पेढे वाटले जातात. आनंदाचा प्रसंग असतो आणि तो असावाच. पण हा ट्रॅक्टर घ्यायचे नक्की कोणी ठरवले, केव्हा ठरवले आणि कशावरून ठरवले, असे त्याच घरात विचारले तर चार माणसे चार उत्तरे देतात.

शेतकी खात्यात काम करताना एक गोष्ट नेहमी पाहावयास मिळते. एकरी एक पोते युरिया जास्त टाकू का, एवढे विचारण्यासाठी सभासद गाडीला किक मारून गट ऑफिसला येतो. बेणे कोणत्या प्लॉटातले घ्यावे यासाठी चार दिवस हिंडतो. आणि आठ लाखांचा ट्रॅक्टर मात्र घेऊन झाल्यावर, उसाची नोंद द्यायला आला की सांगतो, "साहेब, ट्रॅक्टर घेतला बरं का." तेव्हा पेढा खाण्यापलीकडे आमच्या हाती काही उरलेले नसते. म्हणून हा लेख पेढ्याच्या अगोदरचा आहे.

शोरूममध्ये जाण्यापूर्वीच

आपण समजतो की ट्रॅक्टरचा निर्णय शोरूममध्ये होतो. तिथे फक्त रंग, हप्ता आणि मुहूर्त ठरतो. खरा निर्णय त्याच्या वर्ष-दीड वर्ष आधी, तुकड्या-तुकड्याने झालेला असतो. भाड्याचा ट्रॅक्टरवाला "उद्या येतो" म्हणून आठ दिवस येत नाही, तेव्हा पहिला तुकडा. भावकीतला कोणी नवा ट्रॅक्टर आणतो, तेव्हा दुसरा. पोरगा मोबाईलवर ट्रॅक्टरच्या चित्रफिती पाहून कोणत्या मॉडेलला किती गिअर आहेत हे तोंडपाठ म्हणू लागतो, तेव्हा तिसरा. मग एके दिवशी विक्रेत्याचा माणूस घरी येतो, चहा घेतो, सातबाऱ्याची झेरॉक्स मागतो. आणि घरातल्यांना वाटते, आज ठरले.

या सगळ्यात ज्याचे पैसे जाणार तो बाप एक, जो चालवणार तो पोरगा दुसरा, ज्या मिस्त्रीच्या शब्दावर कंपनी निवडली तो तिसरा, जामीन राहणारा मेहुणा चौथा. आणि मार्जिनचे पैसे भरण्यासाठी जिचे दागिने सोसायटीत गहाण पडणार ती घरची लक्ष्मी पाचवी. तिला बहुधा सही-अंगठ्याच्या दिवशीच कळते. मला वाटते, या पाचांपैकी सर्वांत नेमका प्रश्न तीच विचारील, कारण घरात वर्षाकाठी किती शिल्लक राहते हे तिला ठाऊक असते. पण तिला विचारतो कोण?

आपले आजोबा बैल कसा घेत, आठवून पाहा. दात पाहत, दोन दाती की चार दाती की जुळलेला. भोवरा पाहत, खूर पाहत, चाल पाहत. गाडीला जुंपून चार पावले चालवल्याशिवाय सौदा करीत नसत. दर उपरण्याखाली बोटांनी ठरे. घरी आणल्यावरही आठ-पंधरा दिवस बोलीवर ठेवून घेण्याची रीत काही ठिकाणी होती. बैल हे जनावर होते, चुकला तर पुढच्या बाजारला विकता येत होता. आज शंभर बैलांची पेंड ज्या पैशात येईल तेवढ्याचा सौदा आपण एका दुपारी, पंख्याखाली बसून, वाहन एक तासही आपल्या रानात न फिरवता करतो.

शेजाऱ्याचा शब्द

माणूस एवढा मोठा निर्णय शेजाऱ्याकडे बघून का करतो? तो मूर्ख असतो म्हणून नव्हे. अमेरिकेत आयोवा राज्यातील दोन गावांत संकरित मक्याचे बियाणे शेतकऱ्यांनी कसे स्वीकारले याचा अभ्यास ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी केला होता. तो १९४३ साली प्रसिद्ध झाला. कृषी विस्ताराच्या अभ्यासक्रमात तो आजही शिकवतात. त्यात असे दिसले की बियाण्याची पहिली बातमी पुष्कळांना विक्रेत्याकडून कळली, पण घ्यायचे हे मनाने घेतले ते शेजाऱ्याचे पीक पाहून. म्हणजे विक्रेता सांगतो, शेजारी पटवतो. आपल्याकडे को ८६०३२ पसरला तो असाच, बांधावरून.

पण इथे एक मेख आहे. त्या शेतकऱ्यांनी संकरित मका सुरुवातीला थोड्या क्षेत्रात लावून पाहिला. आपणही नवीन बेणे आधी चार सऱ्या लावून बघतो. फसले तर चार सऱ्या गेल्या. ट्रॅक्टर चार सऱ्यांत लावून पाहता येत नाही. घेतला तर अख्खा घ्यावा लागतो, आणि सातबाऱ्यावर बोजा चढतो तोही अख्खा.

दुसरी मेख अशी की शेजाऱ्याचे पीक बांधावरून दिसते, त्याचा हिशोब दिसत नाही. दारात ट्रॅक्टर उभा दिसतो, हप्ता कुठून भरला ते दिसत नाही. शिवाय ज्याने घेतला आहे तो वाईट सांगत नाही. विचारून पाहा. "कसा आहे ट्रॅक्टर?" "एक नंबर!" लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली पुस्तक लिहून मांडले की मनात दोन गोष्टी एकमेकींना टोचू लागल्या की माणूस ती टोचणी कमी करण्याची धडपड करतो. आठ लाख घातल्यावर "चुकलं" म्हणणे फार टोचते, त्यापेक्षा "एक नंबर" म्हणणे सोपे. आपल्या आयाबाया हे पुस्तकाशिवाय जाणून होत्या. म्हणून मालकाला "कसा आहे" असे विचारू नका. "मीटरवर किती तास झाले आणि घेऊन किती वर्षं झाली", एवढेच विचारा. मीटर खोटे बोलत नाही.

एकराचा ऊस उभ्या ट्रॅक्टरला

आता मूळ मुद्द्यावर येतो. ट्रॅक्टरचा निर्णय किमतीवर करायचा नसतो, एच.पी.वर करायचा नसतो, तो तासांवर करावयाचा असतो.

सोप्या हिशोबासाठी नोंदणीसह ट्रॅक्टर ८ लाखांना पडला असे धरू. दहा वर्षे वापरून २ लाखांना विकला. म्हणजे ६ लाखांची झीज, वर्षाला ६० हजार. गुंतलेली रक्कम सरासरी ५ लाख, तिच्यावर १० टक्क्यांनी व्याज ५० हजार. (रोखीने घेतला तरी हे व्याज धरावे. तोच पैसा बँकेत ठेवला असता तर काहीतरी मिळालेच असते, किंवा सोसायटीचे कर्ज फिटले असते.) विमा, निवारा, किरकोळ मिळून १५ हजार. एकूण १ लाख २५ हजार रुपये. हा खर्च ट्रॅक्टर चालला तरी होतो आणि छपरात उभा राहिला तरी होतो.

तोडणी-वाहतूक जाऊन टनाला २,८०० रुपये हातात पडतात असे धरले, तर सव्वा लाख म्हणजे जवळजवळ ४५ टन ऊस. चांगल्या एकराचा सगळा ऊस, दरवर्षी, ट्रॅक्टर नुसता दारात उभा करण्यासाठी. डिझेल अजून ओतलेलेच नाही.

डिझेल तासाला ४ लिटर, ९० रुपयांनी ३६० रुपये. ड्रायव्हर, ऑइल, दुरुस्ती, टायर यांचे तासाला १४० धरू. म्हणजे चालण्याचा खर्च ५०० रुपये. वर्षाला १,००० तास चालला तर उभा खर्च तासाला १२५ रुपये पडतो, एकूण ६२५. वर्षाला २५० तास चालला तर उभा खर्चच ५०० आणि एकूण १,०००. आणि वर्षाला १०० तासच चालला तर उभा खर्च १,२५० आणि एकूण १,७५० रुपये. तुमच्या गावात आज तासाला जो भाड्याचा दर चालू आहे तो या आकड्यांशेजारी लिहा. तो १,००० असेल तर २५० तासांच्या खाली स्वतःचा ट्रॅक्टर हा भाड्याच्या ट्रॅक्टरपेक्षा महाग आहे. नांगर, रोटाव्हेटर, ट्रॉली यांची किंमत यात धरलेलीच नाही.

मग आपल्या रानाला तास किती लागतात? उभी-आडवी नांगरट, रोटाव्हेटर, सरी, भरणी, खोडव्यात पाचट कुट्टी, असे सगळे मिळून हात सैल सोडून एकरी वर्षाला १२ तास धरा. चार एकरवाल्याला झाले ४८ तास. २५० तासांसाठी २०-२१ एकर पाहिजेत. आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात शेतकऱ्याची सरासरी जमीन १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. वाक्य पुढे पुरे करायची गरज नाही.

"राहिलेले तास भाड्याने मारू" हे उत्तर मला दर वेळी मिळते. मारा, पण गावात आधीच किती ट्रॅक्टर आहेत ते मोजा. नव्या ट्रॅक्टरबरोबर नवे रान येत नाही. तेच काम आणखी एकात वाटले जाते. आणि डिझेल रोखीने लागते, भाडे उधारीवर राहते, तेही भावकीत. मागायला गेले की वितुष्ट.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. करासह ८ लाखांना पडणारा ट्रॅक्टर त्यामुळे साडेसात लाखांवर आला, ५० हजार वाचले. चांगली गोष्ट आहे. "आत्ता नाही तर कधी" म्हणून पुष्कळांची पावले शोरूमकडे वळली. पण ५० हजार एकदाच वाचतात. आपला वर बघितलेला उभा खर्च सव्वा लाखाचा आहे आणि तो दर वर्षी आहे.

वापसा आणि पाव्हणे

दुसरी बाजू सांगितली नाही तर ते खोटे होईल. वापसा सगळ्या शिवाराला एकाच आठवड्यात येतो. भारी काळ्या रानात तर चार दिवसच. त्या चार दिवसांत भाड्याचा ट्रॅक्टर आला नाही की आडसालीची लागण जुलैची ऑगस्टअखेर जाते, आणि पुढे पाऊस लागला की आणखी लांबते. ज्याने हे दोनदा सोसले त्याला तासाचा हिशोब सांगायला गेले तर तो वैतागतो, आणि त्याचे बरोबर आहे. स्वतःच्या ट्रॅक्टरची खरी किंमत वेळेवर काम होण्यात आहे. म्हणून तेही हिशोबात घ्या. गेल्या तीन वर्षांत ट्रॅक्टर न मिळाल्याने कोणते काम किती दिवस लांबले, ते घरात बसून तारखेनिशी आठवा. नुसते "लई तरास होतो" नको. लागून लागून असलेल्या चार-पाच सभासदांनी मिळून एकाच ट्रॅक्टरवाल्याला आधी थोडे पैसे देऊन वापशाचे दिवस बांधून घेतल्याची उदाहरणे आपल्याकडे आहेत. त्याचे वाहनही एका जागी चालते, त्यालाही परवडते.

सामाईक ट्रॅक्टर घ्यावा का? दोघे भाऊ असतील तर जमते. चौघांत पहिल्या वापशालाच भांडण उभे राहते, आधी कुणाचं रान? जमवायचेच असेल तर पाळी लिहून, डिझेल ज्याचे त्याने घालून, आणि एकच चालवणारा ठेवून.

आणखी एक कारण असते, ते कोणी उघड बोलत नाही. एका वस्तीवर मी हा सगळा हिशोब मांडला. आबांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "साहेब, तुमचं समदं खरं. पण पोराला स्थळं बघाय पाव्हणं येत्यात. शेजारच्या तिघांच्या दारात ट्रॅक्टर हाय. आमच्या दारात त्यांनी काय बघायचं?" याला कृषी पदविकेत उत्तर नाही. शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळेना झाली आहे, हे दुःख खोटे नाही. मी एवढेच म्हणालो, "आबा, मग हा खर्च लग्नाच्या वहीत लिहा, उसाच्या वहीत नको. म्हणजे उसानं फेडलं नाही तर ऊस पिकवायचं सोडावंसं वाटणार नाही." आबा हसले. ट्रॅक्टर घेतला की नाही ते पुढच्या नोंदीला कळेल.

वाहतुकीचे गणित वेगळे

पुष्कळ सभासद ऊस वाहतुकीच्या भरवशावर मोठा ट्रॅक्टर घेतात. तास भरतात हे खरे. पण ती खरेदी ट्रॅक्टरची एकट्याची नसते. ट्रॉल्या, टायर आणि तोडणी टोळीला द्यायची उचल मिळून दुसरा ट्रॅक्टर येईल एवढी रक्कम होते. आणि उचल हे वाहन नव्हे, ते बँकेकडे तारण लागत नाही, त्याला विमा नाही. शेजारच्या कार्यक्षेत्रातील एका कुटुंबाची जमीन साडेतीन एकर. ५० एच.पी.चा ट्रॅक्टर फायनान्सवर, दोन ट्रॉल्या, आणि मुकादमाला उचल हातउसने करून. टोळी आलीच नाही. पहिला हप्ता चुकला, दुसरा चुकला, आणि एके सकाळी वसुलीची माणसे ट्रॅक्टर ओढून घेऊन गेली. आज त्या घरातला पोरगा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहे. उत्तम ड्रायव्हर आहे.

हंगाम किती दिवस चालेल हेही आपल्या हातात नाही. २०२४-२५ चा गळीत हंगाम १५ नोव्हेंबर २०२४ ला सुरू झाला आणि पुष्कळ कारखान्यांची धुराडी मार्चच्या मध्यापर्यंत थंड झाली. हप्ते मात्र पाच वर्षांचे असतात.

हप्त्याबाबत एक गोष्ट जपून समजून घ्या. विक्रेता "दहा टक्के" म्हणतो तेव्हा ते सरळ व्याज मूळ रकमेवर, की उतरत्या शिलकीवर, हे विचारा. ५ लाख कर्ज, ५ वर्षे, सहामाही १० हप्ते. १० टक्के सरळ असेल तर हप्ता ७५ हजार आणि एकूण व्याज अडीच लाख. १० टक्के उतरत्या शिलकीवर असेल तर हप्ता ६४,७५० च्या आसपास आणि व्याज १ लाख ४७ हजारांच्या आसपास. दोघेही "दहाच टक्के" म्हणतात, आणि मध्ये लाखाचा फरक. सरळवाल्याचे दहा म्हणजे उतरत्या हिशोबाने सव्वासोळा टक्के होतात. कागदावर सही करण्याआधी सर्व हप्त्यांची बेरीज लिहून मागा. ती देताना विक्रेता का-कू करू लागला, तर कागद घरी आणून सोसायटीच्या सचिवाला दाखवा.

घ्यायचाच तर

तास भरत असतील तर जरूर घ्या, मी आडवा येणारा कोण! पण आधी सरी मोजा. मिनी ट्रॅक्टर भरणीसाठी घ्यायचा आणि सरी साडेतीन फुटी, तर तो बांधावरच उभा राहील. चार-पाच फुटी सरी आधी, मग मिनी ट्रॅक्टर. म्हणजे हा निर्णय लागणीच्या वेळीच, एक पीक आधी करावा लागतो. मॉडेलची रुंदी टायरच्या बाहेरच्या कडेपासून फूटपट्टीने मोजावी, पत्रकावरून नव्हे.

एच.पी. विचारताना इंजिनाचा नव्हे, पी.टी.ओ.चा विचारा. रोटाव्हेटर त्यावर चालतो. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिच्या अहवालात पी.टी.ओ.ची ताकद, डिझेलचा खप, उचलण्याची क्षमता छापलेली असते. विक्रेत्याकडे त्या मॉडेलचा अहवाल मागा. तसेच १ जानेवारी २०२३ पासून ५० एच.पी.वरील नव्या ट्रॅक्टरना प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले, त्यामुळे त्यांच्या इंजिनात इलेक्ट्रॉनिक भाग वाढले. आपला गावचा मिस्त्री पान्ह्याने जे करीत होता ते तिथे चालत नाही, लॅपटॉपवाला माणूस लागतो. तो किती लांब आहे हे पाहून मगच ५० च्या वर जा.

डेमो आपल्याच रानात, आपल्याच अवजारावर घ्या. टाकी काठोकाठ भरा, दोन तास रोटाव्हेटर चालवा, पुन्हा काठोकाठ भरा. किती लिटर बसले ते पोराला वहीत लिहायला लावा. बैल जुंपून बघण्याचीच ही रीत आहे.

सरकारी अनुदान घ्यायचे असेल तर अर्ज करून पूर्वसंमती हातात आल्याशिवाय ट्रॅक्टर उचलू नका. आधी खरेदी, मग अर्ज, अशांना अनुदान मिळत नाही. दर वर्षी कोणी ना कोणी यात अडकतो आणि पावती घेऊन आमच्याकडे येतो.

गेल्या दोन वर्षांत भाड्याच्या ट्रॅक्टरला कोणत्या कामाला किती तास आणि किती पैसे दिले, ते आठवून एका कागदावर लिहा. घरातल्या बाईमाणसांनाही बसवा, त्यांना तारखा जास्त आठवतात. आडसालीची नोंद द्यायला गट ऑफिसला याल तेव्हा तो कागद आणि गावातला भाड्याचा दर बरोबर आणावा. नोंद झाल्यावर बसून तुमच्या एकरांचे तास काढू. सोमवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी अकरापर्यंत मी ऑफिसला असतो, त्यानंतर प्लॉटवर.